दौऱ्यावर घडी विस्कटते तेव्हा

प्रश्न : ताई नमस्कार. माझं वय ३८, दोन वर्षांपूर्वी प्रमोशन मिळालं आणि तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी तीन-चार दिवसांचा ऑफिसचा दौरा असतो. मी लहानपणापासून ठरलेल्या गोष्टींवर चालणारा माणूस आहे, उठायची वेळ ठरलेली, बसायची जागा ठरलेली, झोपायच्या आधी काय करायचं तेही ठरलेलं, आणि घरी असलो की सगळं छान चालतं. पण दौरा आहे म्हटलं की आठवडाभर आधीपासून पोटात गोळा येतो. पहिल्या रात्री हॉटेलात डोळ्याला डोळा लागत नाही, दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये डोकं चालत नाही आणि संध्याकाळी सगळे एकत्र जेवायला निघाले की मला फक्त खोलीत जाऊन दार लावून बसावंसं वाटतं. परत आलो की दोन दिवस घरच्यांवर चिडचिड. बायको म्हणते सवय होईल, पण दोन वर्षांत झालेली नाही. काम मला मनापासून आवडतं. तरी नोकरी बदलू का? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : नोकरी बदलायचा विचार जरा बाजूला ठेवा, कारण तुम्हाला काम नकोसं झालेलं नाही, घडी विस्कटते तिचा त्रास होतोय, आणि त्यावर बरंच काही करता येतं.

आधी पहिल्या रात्रीचं बोलते कारण मला वाटतं पुढचं सगळं तिथूनच बिघडतंय. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही हे झोपेचा अभ्यास करणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूची डावी बाजू उजवीएवढी गाढ झोपत नाही, बारीकसा आवाज झाला तरी ती जास्त सजग होते. म्हणजे आपण झोपलेले असतो आणि अर्धा मेंदू कानोसा घेत असतो! तेव्हा 'मीच कमकुवत आहे' हे आधी मनातून काढून टाका, सगळ्यांनाच हे कमीजास्त होतं, तुमचा कान जरा जास्त तिखट आहे एवढंच.

म्हणून पहिली गोष्ट ही की महत्त्वाची मीटिंग पहिल्याच सकाळी ठेवू नका, शक्य असेल तर एक रात्र आधी पोचा, आणि त्या गावात पुन्हा पुन्हा जात असाल तर दर वेळी तेच हॉटेल, जमलं तर तीच खोली मागा. बुकिंग करतानाच सांगायचं की लिफ्टपासून लांबची आणि रस्त्याच्या मागच्या बाजूची द्या, लोक देतात हो, आपणच मागायला लाजतो. चौथ्या-पाचव्या खेपेला दिव्याचं बटण कुठंय हे अंधारातही हाताला कळतं, आणि तुमच्यासारख्याला तेवढ्यानंही फरक पडतो.

आता रूटीनचं. घरचा अख्खा दिवस बॅगेत भरून नेता येत नाही, आणि तो न्यायच्या धडपडीतच माणूस जास्त थकतो. मी स्वतः ट्रेनिंगच्या कामासाठी बरीच वर्षं फिरले, सुरुवातीला माझंही हेच व्हायचं. मग मी दिवसाची फक्त दोन टोकं धरून ठेवायला लागले, उठल्यानंतरचा पहिला अर्धा तास आणि झोपायच्या आधीचा शेवटचा तास. हे दोन्ही घरच्यासारखेच, त्याच क्रमानं, तोच अलार्म, तोच साबण, तेच जुने मऊ कपडे आणि घरातला वापरलेला उशीचा अभ्रा (धुतलेला नाही बरं का, घरचा वास त्यालाच असतो). मधला दिवस कसाही जाऊ दे, दोन्ही टोकं बांधलेली असली की माणूस वाहवत जात नाही. तुमची टोकं कोणती ते तुम्हीच ठरवा पण दोनच ठरवा.

बॅगेचं म्हणाल तर टूथब्रश, चार्जर, औषधं, कानातले बोळे हे सगळं डबल घ्या आणि दौऱ्याच्या बॅगेतून कधीच बाहेर काढू नका. आठवडाभर आधीपासून जी धास्ती असते ना, त्यातली बरीचशी 'काही विसरलं तर' हीच असते.

राहिलेली धास्ती असते मधल्या जागांची. विमानतळ माहीत असतो, हॉटेल माहीत असतं, पण बाहेर पडल्यावर गाडी कुठे उभी असेल, ऑफिसच्या कुठल्या गेटनं आत जायचं, पास कोण देणार, हे कोणी सांगत नाही आणि डोकं रात्रभर तेच दळत बसतं. हे सगळं आधीच विचारून एका कागदावर उतरवा, हॉटेल ते ऑफिस रस्ता मॅपवर बघून ठेवा. आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला 'उशीर झाला तर' असं लिहून ठेवा, कोणाला फोन करायचा, कुठे बसायचं, काय ऐकायचं. बेत बदलला तर काय करायचं हे ठरलेलं असलं की तो बदल तेवढा अंगावर येत नाही.

विमानानं जात असाल तर तिथला थकवा सगळा मनाचा नसतो हेही लक्षात असू द्या. केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांच्या खाली, आणि हवेचा दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तसा, त्यामुळे अंग जड होणारच. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन इंजिनाची घरघर छान मारतात पण शेजारच्यांच्या गप्पा पूर्ण बंद करत नाहीत, त्याला बोळेच लागतात. परदेशी जायचं असेल तर शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या हिशेबानं सरकतं, पूर्वेकडे जाताना जास्त त्रास, त्यामुळे दोनच दिवसांचं काम असेल आणि मीटिंगच्या वेळा जुळत असतील तर घरच्याच वेळेनं झोपा-उठा. दुपारनंतर चहा-कॉफी नको, कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात.

संध्याकाळच्या जेवणाचं. दर वेळी टाळलंत तर लोकांना वाटतं हा तुटक आहे, दर वेळी गेलात तर तुम्ही संपता. तीन संध्याकाळी असतील तर एकीला जा, आणि जातानाच सांगा, 'मी तासभर आहे, मला लवकर झोपायला लागतं'. कारणं शोधू नका, खरं तेच सांगा. परत आल्यानंतरचा दुसरा दिवस शक्यतो अर्धा रिकामा ठेवा आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की पहिली संध्याकाळ मी गप्प असेन, रागावलेलो नसेन.

एक गोष्ट जपून सांगते. 'सगळं तसंच्या तसं असावं' ही गरज लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) जे सविस्तर वर्णन केलं त्यातही आहे. म्हणून तुम्हाला ऑटिझम आहे असं मी मुळीच म्हणत नाहीये, पत्रावरून ते कोणालाच सांगता येणार नाही. पण उजेड, आवाज, कपड्यांचा स्पर्श याचाही लहानपणापासून त्रास असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना एकदा भेटा, पुष्कळांना मोठेपणी उत्तर मिळतं आणि जीव हलका होतो. न दिसणाऱ्या अडचणी असणाऱ्यांसाठी सूर्यफुलांचं चित्र असलेली, गळ्यात घालायची हिरवी पट्टी असते, २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळानं ती सुरू केली, आता बऱ्याच देशांतल्या विमानतळांवर चालते. ती घातली की कर्मचाऱ्यांना कळतं, या माणसाला जरा जास्त वेळ द्यायला हवा.

प्रश्न : माझ्या टीममधली एक मुलगी कामात हुशार आहे पण प्रत्येक दौऱ्याआधी दहा-बारा प्रश्न विचारते, राहायची सोय कुठे, बरोबर कोण, कोणत्या वेळी काय. मला वाटतं ती घाबरट आहे. दौरे तिला द्यावेत का?

उत्तर : द्या, नक्की द्या, तिला विचारून द्या. दहा प्रश्न विचारणारा माणूस तयारी करत असतो, त्याला घाबरट म्हणू नका. पाच दिवस आधी वेळापत्रक हातात द्या, त्यात रिकामे तासही लिहा, आणि काही बदललं तर तुम्हाला कळल्याबरोबर तिला कळवा, 'तिथे गेल्यावर बघू' हे वाक्य तिच्यासमोर नको. खोली तिला एकटीला द्या. पुढच्या दौऱ्याच्या आधी ती किती प्रश्न विचारते तेवढं मला जरूर कळवा.