जुना लॅपटॉप, हलकी प्रणाली आणि मराठी संहिता

प्रश्न : माझ्याकडे २०११ साली घेतलेला लॅपटॉप आहे. पेंटियम ड्युअल कोअर प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज ७. गावच्या जत्रेला आणि शिगम्याला होणाऱ्या मराठी नाटकांच्या संहिता मी त्यावर टाइप करतो. त्याखेरीज मेल आणि वर्तमानपत्रे पाहतो. अलीकडे तो फारच मंदावला आहे. कॉलेजात शिकणारी नात म्हणते, विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टिमची) एखादी हलकी आवृत्ती घालून पाहा. त्यात मराठी नीट चालेल का, आणि जुन्या संहिता उघडतील का?
— एक निवृत्त शिक्षक, डिचोली

उत्तर : नातीचा सल्ला योग्य आहे, मात्र सर्व संहितांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवल्याखेरीज पुढचे काहीही करू नये. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आणि क्रोमची १०९ ही तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती ठरली, त्यामुळे आहे तेच चालू ठेवणे मेलच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते, तेव्हा तो मार्ग आपल्या यंत्रासाठी बंदच आहे.

लिनक्स हार्ड डिस्कवर न बसवता पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. हव्या त्या आवृत्तीची आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणाली सामावणारी एकच फाइल) तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि रुफस या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहावी. त्या ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, हे लक्षात असू द्यावे. रुफसची ३.२२ ही आवृत्ती घ्यावी, कारण ४.० पासून पुढच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. आपली विंडोज कदाचित ३२ बिटची असेल, पण २०११ च्या सुमाराचे पेंटियम ड्युअल कोअर प्रोसेसर ६४ बिटचे असल्याने ६४ बिटचीच फाइल उतरवावी. ३२ बिटच्या लिनक्सला आता फारसे भवितव्य उरलेले नाही. डेबियन या लिनक्सच्या प्रसिद्ध प्रकारानेसुद्धा ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या आपल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर देणे बंद केले.

२ जीबी रॅमवर मी पहिली पसंती अँटिएक्स या लिनक्सच्या आवृत्तीला देईन. ती दिसायला रुक्ष आहे, पण डेबियनवर आधारलेली असून फार थोड्या रॅममध्ये उभी राहते. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती विंडोजची सवय असलेल्यांना अधिक सोयीची वाटते. मात्र २ जीबी ही तिची किमान गरज आहे आणि ४ जीबी असावे, अशी तिच्या निर्मात्यांचीच शिफारस आहे. शिवाय प्रणाली कितीही हलकी निवडली तरी ब्राउझर हलका होत नाही: वर्तमानपत्रांची जाहिरातींनी भरलेली चार-पाच पाने एकदम उघडली की रॅम भरते आणि दोष मात्र प्रणालीला लागतो. म्हणून, जमल्यास रॅम ४ जीबी करावी आणि हार्ड डिस्कच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवावी. सुरू होण्यातला विलंब एसएसडीने जितका कमी होईल, तितका कोणत्याही प्रणालीने होणार नाही.

पेन ड्राइव्हवरून चालवताना वेगावरून मत बनवू नये, कारण तिथे यूएसबीचाच वेग आड येतो. वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप पुन्हा जागा होतो का, एवढे पाहावे. जुन्या लॅपटॉपमधल्या ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपला पुष्कळदा वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो.

आता मराठीविषयी. युनिकोड (सर्व संगणकांवर सारखीच ओळखली जाणारी अक्षरसंकेत पद्धत) वापरलेली मराठी लिनक्सवर उत्तम चालते: लोहित देवनागरीसारखे फॉन्ट मोफत मिळतात, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक निवडता येतो आणि लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लिहिता येते. आपल्या संहिता युनिकोडमध्ये असतील तर काळजी नाही. पण गोव्यात काय किंवा महाराष्ट्रात काय, छपाईसाठी टाइप केलेला बराच जुना मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे, आणि अशा फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. तो फॉन्ट नसला की संहितेच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. फॉन्टची फाइल लिनक्समध्ये घातल्यास मजकूर बहुधा वाचता येतो, परंतु त्या फॉन्टमध्ये टाइप करण्याचे सॉफ्टवेअर सहसा विंडोजपुरतेच असते. तेव्हा विंडोज चालू आहे तोवरच कन्व्हर्टरच्या साहाय्याने संहिता युनिकोडमध्ये आणाव्यात आणि जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी डोळ्यांखालून घालावी, कारण कन्व्हर्टर नेमके तिथेच चुकतात. हे काम कंटाळवाणे आहे. तरीही ते आधी करावे आणि प्रणाली नंतर बदलावी.

प्रश्न : दुकानातल्या ४ जीबीच्या संगणकावर विंडोज १० आहे. हिशेबाचे टॅली सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीचे टोकन (यूएसबीला लावायचे उपकरण) वापरतो. तिथे लिनक्स घालू का?
— एक व्यापारी, मडगाव

उत्तर : तूर्त घालू नये. टॅली हे विंडोजचे सॉफ्टवेअर आहे, आणि टोकनचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर मिळाला तरी सही करण्याचे साधन तिथे चालेलच असे नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने हिशेबासाठी विंडोज ११ चालणारा संगणक घ्यावा. जुना संगणक लिनक्स घालून मेल आणि बिलांच्या छपाईसाठी ठेवता येईल. त्यासाठी ४ जीबी रॅम पुरेशी आहे.