प्रश्नोत्तरे : मुलाला बोलण्याची पाळी कोण देणार?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांपैकी निम्म्यांत ‘मूल मध्येमध्ये बोलते’ अशी तक्रार असते आणि उरलेल्यांत ‘मूल उत्तरच देत नाही’ अशी. संवादात आपली पाळी ओळखणे मूल कोठे आणि कसे शिकते, हाच गोंधळ दोन्हींच्या मुळाशी असल्याने काही पत्रांना एकत्र उत्तरे देत आहे.

मुलगी सात महिन्यांची आहे. तिच्याशी आतापासून गप्पा माराव्यात का? (बाणेर)

खरे तर यापूर्वीच सुरुवात व्हायला हवी होती. दोन-तीन महिन्यांचे बाळही हुंकार देऊन आपल्या हुंकाराची वाट पाहते. तिने आवाज काढला की तसाच आवाज काढावा आणि मग गप्प राहावे.

घरी मराठी, सोसायटीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी, यामुळे मुलाचे बोलणे लांबते का? (वाकड)

नाही. सर्व भाषांतले शब्द एकत्र मोजूनही ते कमी भरत असतील, तर भाषांना दोष न देता तपासणी करून घ्यावी.

मुलगा अडीच वर्षांचा आहे. मोबाईलवरील व्हिडिओ पाहून त्याला रंग, प्राणी आणि इंग्रजी मुळाक्षरे पाठ झाली आहेत. परंतु काही विचारले की तो तोच प्रश्न परत म्हणतो. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, त्याचे बाबाही उशिरा बोलले. चित्रकार्डांचा एक कोर्स झाला, पुढचा कोणता घ्यावा? (हडपसर)

कोणताही घेऊ नये. कार्डे विकणारा शब्द मोजतो, कारण शब्द मोजून दाखवता येतात आणि पाहुण्यांसमोर म्हणून घेता येतात. संवादाचे माप मात्र वेगळे आहे. आपण काही बोललो, त्याने आपल्याकडे पाहिले, काही तरी परत दिले आणि पुन्हा आपली वाट पाहिली, अशा किती फेऱ्या होतात, हे पाहावे लागते. व्हिडिओ मुलासाठी थांबत नाही आणि थांबलाच, तरी मुलाने काय उत्तर दिले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितले आहे की दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. त्याहून कमी असेल तर अधिक चांगले.

केवळ मोबाईलला दोष देऊन मात्र मोठ्यांना सुटता येणार नाही. मोठी माणसे आपसांत बोलताना एकाचे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकीच फट सोडतात. लहान मुलाला ऐकायला, समजायला आणि शब्द शोधायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तो शब्द ओठांवर आणेपर्यंत आपण ‘हा कोण? कसा ओरडतो? सांग ना काकांना!’ असे तीन प्रश्न विचारून चौथ्याचे उत्तरही स्वतःच देऊन टाकतो. याला तोंडी परीक्षा म्हणावे, गप्पा म्हणू नये. त्याऐवजी ‘मांजर खिडकीत बसलंय’ एवढेच म्हणावे आणि मनात पाचपर्यंत, जमल्यास दहापर्यंत आकडे मोजावेत. चेंडू एकमेकांकडे लोटताना किंवा आपडी-थापडी खेळताना मध्येच थांबून त्याच्याकडे पाहावे. त्याने नुसता हात पुढे केला किंवा ‘अं’ म्हटले, तरी ती त्याची पाळी झाली असे धरावे.

हे सर्व तपासणीच्या जागी नव्हे, तपासणीसोबत करायचे आहे. ऐकलेले परत म्हणणे भाषा शिकताना काही काळ दिसते; पण अडीच वर्षांच्या वयात ‘पाणी दे’, ‘बाबा गेला’ अशी स्वतःची दोन शब्दांची जोडणी नसेल, तर थांबण्यात शहाणपण नाही. मुलगे आणि मुली यांच्यात सरासरीने थोडासा फरक असतो, वर्षभराचा नसतो. आणि बाबा उशिरा बोलले होते, हे तर तपासणी लवकर करण्याचे कारण आहे. प्रथम श्रवणचाचणी करावी. हाक मारल्यावर मूल वळते म्हणजे त्याला नीट ऐकू येते, असे होत नाही, कारण पडद्यामागे पाणी साठलेल्या कानालाही मोठा आवाज कळतो. त्यानंतर वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विकासात्मक बालरोगतज्ज्ञ यांना दाखवावे. पत्रावरून मी निदान करणार नाही, परंतु दिवाळीनंतर पाहू, असेही कृपया म्हणू नये.

जिभेवर वेखंड घासल्याने किंवा पोपटाचा उष्टा पेरू दिल्याने वाचा सुटते का? (सदाशिव पेठ)

नाही. पेरू धुऊन, पोपटाला न दाखवता द्यावा.

मी फोनवर असले की चार वर्षांची मुलगी सतत मध्ये बोलते. (सिंहगड रस्ता)

तिला खूण शिकवावी. बोलायचे असेल तेव्हा तिने तुमच्या हातावर हात ठेवावा आणि तुम्ही तिच्या हातावर हात ठेवावा, म्हणजे ‘कळले, थांब’ असा त्याचा अर्थ होईल. पहिल्या आठवड्यात दहा सेकंदांच्या आत तिच्याकडे वळावे आणि मग हा अवधी वाढवत न्यावा. ‘एक मिनिट हं’ म्हणून वीस मिनिटे घेतली, तर थांबून काही मिळत नाही एवढेच ती शिकेल. जेवताना तिचे वाक्य घरात कोण कोण तोडते, तेही एकदा मोजून पाहावे. खूण महिना-दोन महिने नेटाने वापरूनही तिला क्षणभर थांबणे जमत नसेल आणि शाळेतूनही तीच तक्रार येत असेल, तर प्रत्यक्ष भेटावे.

धाकटा साडेतीन वर्षांचा असून ‘म-म-मला’ असे अडखळतो. थोरली त्याचे वाक्य पूर्ण करते. (चिंचवड)

थोरलीला न रागावता सांगावे, ‘त्याचं होऊ दे, मग तुझं.’ ‘सावकाश बोल’ असा उपदेश त्यालाही करू नये. आपणच सावकाश बोलावे. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू झालेले अडखळणे पुष्कळ मुलांत आपोआप जाते, परंतु कोणाचे जाईल हे घरी ओळखता येत नाही. घराण्यात कोणी अडखळत असेल, बोलताना तो चेहरा ताणत असेल किंवा सहा महिने उलटले असतील, तर लगेच दाखवावे.

तीस दिवसांत मूल बोलते करण्याची हमी देणारे केंद्र जवळच उघडले आहे. जावे का? (कात्रज)

हमी देणाऱ्याकडे जाऊ नये. जेथे जाल तेथे उपचारकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी विचारावी. खरा तज्ज्ञ हा प्रश्न विचारल्याने रागावत नाही.