एफडी मोडून जीन थेरपी? टोकन आधी परत मागा

मुलुंडहून एकांनी विचारलंय: वय ५२, शुगर चौदा वर्षांपासून, आता ताठरतेचा प्रॉब्लेम, गोळ्या पण लागू पडेनाशा झाल्यात. एका क्लिनिकने 'जीन थेरपी रिसर्च प्रोग्राम' सांगितलाय, सहा लाख, त्यातले पन्नास हजार टोकन भरून झालेत, उरलेल्यासाठी एफडी मोडू का?

नका मोडू. अहो, रिसर्चमध्ये पेशंट पैसे भरत नसतो! २०१९ च्या क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे आपल्याकडे ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई उलट त्यांनीच द्यायची असते, आणि ट्रायल सीटीआरआयच्या (देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) साइटवर रजिस्टर असावी लागते, तो नंबर मागा, दोन मिनिटांत कळेल काय ते. तुम्ही पाठवलेल्या पावतीवर नंबर नाही, खाली बारीक अक्षरात 'नॉन-रिफंडेबल' मात्र आहे.

आता ही थेरपी अगदीच थाप आहे का, तर तसंही नाही. शुगरने नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात, रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, आणि सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या त्याच्याच जोरावर चालतात, म्हणून डायबेटिसवाल्यांना त्या कमी लागू पडतात. म्हणून मग पोटॅशियम चॅनलचा (पेशीतून पोटॅशियम बाहेर जायची वाट) जीन इंजेक्शनने थेट तिथल्या स्नायूत सोडायचा, म्हणजे स्नायू सैल पडून रक्त भरेल, अशी कल्पना. अमेरिकेत माणसांवरची पहिली ट्रायल झाली, रिझल्ट २००६ मध्ये छापून आला, माणसं किती तर ११, तेही मुख्यतः सेफ आहे का बघायला. वरच्या डोसवाल्या दोघांना सहा महिने चांगला फरक दिसला, पण तुलनेला प्लासिबोवाला, म्हणजे औषध नसलेलं खोटं इंजेक्शन दिलेला, गटच नव्हता. मंजूर झालेली अशी थेरपी आजही बाजारात नाही, मग हे सहा लाख नक्की कशाचे?

मेडिक्लेमवर भरवसा ठेवू नका, सिद्ध न झालेले उपचार पॉलिसीत सरळ वगळलेले असतात. सहा लाखांवर सात टक्के धरले तर वर्षाचे ४२ हजार व्याज, शिवाय मुदतीआधी मोडलीत की बहुतेक बँका अर्धा-एक टक्का कापतात. आणि 'बायकोला सांगितलेलं नाही' असं लिहिलंय तुम्ही, पण एफडी जॉइंट आहे ना, मुदतीआधी मोडायला बहुतेक ठिकाणी दोघांची सही लागते, तेव्हा ते तसंही लपणार नाही.

खर्च करायचाच तर आधी हार्ट चेकअप आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) करा, कारण हा त्रास कधीकधी हार्टच्या दुखण्याची आगाऊ सूचना असतो, आणि छातीत दुखण्यावरची नायट्रेटची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल अजिबात नाही. मग केईएम, सायन, नायर, कुठलीही युरोलॉजी ओपीडी गाठा, केसपेपरला फार पैसे लागत नाहीत. गोळीचा डोस, घ्यायची वेळ बरोबर होती का ते तिथे बघतील, नाहीतर ताठरतेसाठीचा व्हॅक्यूम पंप आहे, तिथे घ्यायचं औषधाचं इंजेक्शन आहे, अगदी शेवटी इम्प्लांट. त्याला पैसे लागतात, पण ते सिद्ध झालेलं आहे, तेव्हा एफडीचा विषय परत काढू.

टोकन मात्र आजच लेखी मागा, व्हॉट्सॲपवर नको, ईमेल करा. टाळाटाळ केली तर ग्राहक आयोग आहे.