घरच्या शेडात हायड्रॉलिक पाईप बेंडर बनवायचा तर जॅक किती टनाचा घ्यावा?

भाऊ, तुम्ही विचारलं का ट्रॅक्टरचं हूड (डोक्यावरचं छत) अन् गेटच्या कमानी वाकवायले घरीच बेंडर बनवायचा आहे, तं 12 टनाचा बॉटल जॅक पुरते का 20 टनाचा घ्यावा. जॅकवर एवढं डोकं नका लावू. 8 टनाचाही पुरते. पैसा अन् वेळ डायमध्ये (ज्या खाचेच्या गोल चाकाभोवती पाईप वाकते त्याच्यात) घाला, काम तिथंच बिघडते.

हिशेब पाहा. 1 इंची बी क्लास पाईप (निळ्या पट्ट्याचा) बाहेरून 33.7 एमएम असते, जाडी 3.2. त्याले कायमचा वाकवायले 1 मीटर दांड्याच्या टोकावर साधारण 80-90 किलोचा जोर लागते. बेंडरमध्ये जॅकची पिन डायच्या सेंटरपासून 20 सेंटीमीटरवर ठेवली तं तोच जोर पाचपट, म्हणजे 400-450 किलो. घासण्यात जाते ते धरून दुप्पट करा, तरी टनाच्या आतबाहेरच राहते. अन् बाहेरून 1 इंच, 2 एमएम जाडीची ट्यूब असली तं तिले मीटरभर दांड्यावर 30 किलोच लागतात, तिच्यासाठी हायड्रॉलिकही नाही पाहिजे, लांब दांडा अन् एक धट्टाकट्टा माणूस बस.

मंग बाजारात 12 अन् 16 टनाचे बेंडर काहून विकतात? तो प्रकारच वेगळा आहे. त्याच्यात दोन रोलरवर पाईप टेकवतात अन् मधात अर्धगोल फॉर्मा जॅकनं दाबतात. प्लंबरच्या जाड पाईपले ते चालते, पण 16 गेजची (साधारण 1.6 एमएम जाडीची) ट्यूब टाकली का मधातच चपटते अन् आतल्या अंगाले सुरकुत्या येतात. दुसरी भानगड मापाची. ते फॉर्मे एनबीच्या (नॉमिनल बोअर, म्हणजे पाईपाच्या आतल्या पोकळीचं नावापुरतं माप) मापाचे असतात, पाऊण इंची फॉर्मा म्हणजे बाहेरून 26.9 चा पाईप, अन् तुमची 1 इंची ट्यूब बाहेरून 25.4, ती खाचेत ढिली बसते अन् ढिली बसली का दबलीच समजा. म्हणून दुकानात जाताना व्हर्निअर (बारीक माप घ्यायचा कॅलिपर) सोबत न्या, नुसतं एक इंची द्या म्हटलं तं दुकानदार कायबी देते.

तुम्हाले बनवायचा आहे तो ओढून वाकवणारा, म्हणजे डाय स्वतः फिरते, पाईपाचं टोक डायले क्लॅम्पनं धरलेलं असते अन् मागून एक ठोकळा पाईपाले डायशी चिकटवून ठेवते. डाय लेथवाल्याकडून 50 एमएमच्या प्लेटमधून काढून घ्या, खाच पाईपाच्या बाहेरच्या मापाची एकदम गोल अन् अर्ध्याहून जराशी जास्त खोल. रेडियस पाईपाच्या मापाच्या तीनपट तरी ठेवा, 33.7 साठी 115 एमएम चांगला, पाईपाच्या सेंटरपर्यंत मोजून. पिठाच्या गिरणीची जुनी पुली डाय म्हणून लावायचा सल्ला लय जण देतात. नका लावू, तिची खाच व्ही असते, पाईपाले दोन रेषांवरच टेका भेटते अन् मधात पाईप दबते. तालुक्याच्या लेथवाल्याकडे गोल खाचेचं टूल नसलं तं नागपूरले हिंगणा एमआयडीसीत चक्कर मारा, तिथं हे रोजचं काम आहे.

बाजूच्या पट्ट्या 12 एमएम जाड, 75 रुंद घ्या. वरची-खालची पट्टी एकमेकीले टॅक (वेल्डिंगचे बारीक टाके) मारून दोन्हीत एकदमच होल पाडा, नाहीतर पिन तिरपी बसते. पिन 25 एमएमची, ईएन-8 ची (मध्यम कार्बनचं मजबूत स्टील). जोर पिन अन् होलवरच आला पाहिजे, वेल्डिंगवर नाही, कारण आपल्या इकडं संध्याकाळी व्होल्टेज पडलं का वेल्डिंग वरून टकाटक दिसते अन् आत पकडच नसते.

जॅकचा स्ट्रोक (दांडा जेवढा बाहेर येते तेवढी लांबी) सहा इंचाच्या आसपास असते, त्याच्यात 20 सेंटीमीटरचा दांडा 40-45 डिग्रीच फिरते. म्हणून डायच्या पट्टीले पुढं अजून होल ठेवा, पिन बदलायची अन् परत पंप मारायचा. जॅक वापस यायले दोन्ही बाजूनं स्प्रिंग लावा, बॉटल जॅक स्वतः वापस नाही येत. बेंडर आडवाच बनवा, उभा बनवला तं 20 फुटी पाईप शेडाच्या टिनाले टेकते. पण आडव्या जॅकमध्ये पंपाची बाजू खाली पाहिजे, वर ठेवली तं तेल सोडून हवाच ओढते अन् तुम्ही दांडा मारतच राहता. तेल हायड्रॉलिकचंच टाका, ब्रेक ऑइल टाकलं तं सील फुगून खराब होतात. कोणी म्हणन का ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर जोडू, पण हाताच्या पंपात पाईप कुठं अडून राहिला ते हातालेच समजते, ट्रॅक्टर काही सांगत नाही.

वाकवताना ट्यूबची शिवण (लांबीभर वेल्डिंगचा जोड) बाजूले ठेवा, म्हणजे ना आतल्या अंगाले ना बाहेरच्या. बाहेरून ती नुसती निळसर रेघ दिसते, नाही दिसली तं टोकातून बोट घाला, आतून उंचवटा लागते. पातळ ट्यूब तरीही दबून राहिली तं आत चाळलेली रेती ठासून भरा अन् दोन्ही टोकाले लाकडी खुंट्या ठोका. रेती कढईत भाजून कोरडी करा. ओली रेती भरून गॅसनं तापवलं तं वाफ होऊन खुंटी गोळीसारखी सुटते. जीआय (जस्त चढवलेला) पाईप तं तापवूच नका, जस्ताचा धूर छातीत जाते.

90 डिग्री वाकवायले रेडियस गुणिले 1.57 एवढा पाईप लागते, 115 चा असला तं 180 एमएम, तेवढ्यावर खडूनं खुणा करा. जोर सोडला का पाईप दोन-चार डिग्री वापस येते, ते प्रत्येक मापाले वेगळं, म्हणून आधी उरलेल्या तुकड्यावर पाहा अन् डायवर डिग्रीच्या खुणा पंच करून ठेवा. अन् पंप मारताना पाईपाच्या सरळ रेषेत कोणाले उभं राहू देऊ नका, लेकरं तं शेडातही नको.

हुडाचा पाईप कोणत्या मापाचा आहे ते लिहा, मंग डायचं माप काढून देतो.