रेड कार्ड बदललं आणि सर्व्हर ड्रॅकटमध्ये अडकला? आधी डिस्क दिसते का ते बघा

रबाळ्याच्या ऑफिसातल्या सर्व्हरचं रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड, बदललं, वर रॉकी लिनक्स ९ आहे, आणि आता तो ‘रूट (सिस्टीम असलेला मुख्य भाग) सापडत नाही’ म्हणत ड्रॅकटच्या, म्हणजे सुरुवातीचं बूट सांभाळणाऱ्या साधनाच्या, काळ्या पडद्यावर येऊन बसतो. एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था) उडालं का, ‘पीव्हीक्रिएट’ (डिस्कवर एलव्हीएमची खूण नव्याने उमटवणारी कमांड) पुन्हा चालवू का, असं तुम्ही विचारलंय. त्याला हात लावू नका! एलव्हीएम बहुतेक जागच्या जागी आहे, त्याच्याखालचा पाट सरकलाय.

त्याच पडद्यावर ‘कॅट /प्रॉक/पार्टिशन्स’ करा. डिस्क दिसली तर ‘एलव्हीएम पीव्हीएस’, मग ‘एलव्हीएम व्हीजीचेंज -एवाय’ आणि ‘एक्झिट’. कधीकधी एवढ्यावरच गाडी पुढे सरकते. डिस्कच दिसत नसेल तर एलव्हीएमच्या कमांडा बडवून उपयोग नाही.

मग रीबूट करून ग्रबच्या (सर्व्हर सुरू होताना दिसणाऱ्या मेनूच्या) यादीतली ‘रेस्क्यू’ नोंद निवडा. रोजचं इनिटरामएफएस (बूट होताना आधी उघडणारी, ड्रायव्हर असलेली छोटी फाईल) ज्या मशीनवर तयार झालं त्याच मशीनपुरते ड्रायव्हर बरोबर घेतं, त्यामुळे नवं कार्ड त्याच्या ओळखीचं नसतं. रेस्क्यूवाल्यात सगळा बाडबिस्तरा असतो. त्यातून सर्व्हर उठला तर चोर सापडला: रोजचं इनिटरामएफएस. त्यातूनही नाही उठला, तर कार्डाच्या सेटअपमध्ये जा. जुन्या कार्डावरच्या डिस्क तिथे बऱ्याचदा ‘फॉरेन’ म्हणून दिसतात. त्या ‘इम्पोर्ट’ करायच्या. शेजारीच ‘क्लिअर’ असतं, तिकडे चुकूनही बोट जाऊ देऊ नका.

रेस्क्यूमधून उठल्यावर मी एकदा महापेला माती खाल्ली होती. घाईघाईत नुसतं ‘ड्रॅकट -एफ’ मारलं, रीबूट केलं, पुन्हा तोच पडदा. दोनदा. ठाण्याची शेवटची लोकल गेली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला: रेस्क्यू नोंदीत इन्स्टॉलच्या वेळचा जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) असतो, आणि नुसतं ‘ड्रॅकट -एफ’ चालू असलेल्या कर्नलचंच इनिटरामएफएस बनवतं. मी बिनकामाचंच पुन्हापुन्हा घोटत बसलो होतो. म्हणून ‘ड्रॅकट -एफ --रीजनरेट-ऑल’ वापरा. पुढच्या वेळी कार्ड काढण्याआधीच ‘--नो-होस्टओन्ली’ लावून इनिटरामएफएस बनवून ठेवलंत तर ही रात्रपाळीच टळेल.

रूट आलं, पण डेटाचा व्हीजी (एलव्हीएममधला डिस्कचा गट) गायब आणि सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये, असं झालं तर /ईटीसी/एलव्हीएम/डिव्हायसेस/सिस्टम.डिव्हायसेस बघा. ९ मध्ये एलव्हीएम या फाईलीत नोंदलेल्याच डिस्क मानतं, आणि कार्ड बदललं की डिस्कची ओळखही बदलू शकते. ‘एलव्हीएमडिव्हायसेस --अ‍ॅडडेव्ह’ने त्या पुन्हा नोंदवा.

फक्त ‘पीव्हीएस’मध्ये एखाद्या डिस्कच्या जागी ‘अननोन’ आलं आणि डिस्क तर समोर जोडलेली आहे, तर प्रकरण गंभीर. तिथे ‘पीव्हीक्रिएट’ लागू शकतं, पण जुना यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) आणि /ईटीसी/एलव्हीएम/आर्काइव्हमधली फाईल देऊनच, त्यामागोमाग ‘व्हीजीसीएफजीरिस्टोर’ (व्हीजीची जुनी मांडणी परत आणणारी कमांड), आणि हे सगळं डिस्कची ‘डीडी’ने प्रत काढल्यावर.