मेटाबॉलिझमचा आकडा खाली आला म्हणून घाबरू नकोस

अगं, मांस सोडून भाज्या-कडधान्यांवर आलीस, वजन उतरलं आणि मेटाबॉलिझमचा, म्हणजे शरीर किती ऊर्जा जाळतं त्याचा, आकडाही खाली आला म्हणून घाबरलीस ना? आधी ते दिवसातून तीनदा काट्यावर चढणं बंद कर, मीपण तेच करायचे आणि नुसती चिडचिड व्हायची. भाज्या, कडधान्यं वाढवली की मेटाबॉलिझम सुसाट सुटतो असं कुणी सांगितलं तर हसून सोडून दे. नुसतं पडून राहिलो तरी शरीर जे जाळतं तेच दिवसाच्या खर्चाच्या 60 ते 70 टक्के असतं आणि ते मुख्यतः वजन, उंची, वय, स्नायू यावर ठरतं. या पडल्यापडल्या जळणाऱ्या कॅलरींचा अंदाज काढायचं मिफ्लिनचं सूत्र आहे, त्याने बघ, 80 किलो, 160 सेंमी, वय 40 असेल तर 1439 कॅलरी, तीच बाई 75 किलोची झाली की 1389, म्हणजे वजन उतरलं की आकडाही उतरणारच, त्यात काही बिघडलेलं नसतं. स्नायू मात्र टिकव, प्रोटीन आणि वजनं उचलणं सोडू नकोस.

भाज्या-कडधान्यांचा खरा उपयोग शरीराच्या आतल्या सूजेवर. पोटातली चरबी गप्प बसत नाही गं, ती आयएल-6 सारखी सूज वाढवणारी रसायनं सोडते आणि मग लिव्हर सीआरपी, म्हणजे रक्तात सूज दाखवणारं प्रोटीन, बनवत बसतं. सीआरपीची टेस्ट सर्दी-तापात करू नकोस, मी केली, 11 आला, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, बरी झाल्यावर परत केली तर 2!

फायबर रोज 25 ग्रॅमपर्यंत ने पण हळूहळू, भरपूर पाणी पीत, नाहीतर पोटाचा नुसता ढोल होतो. आणि दूध-अंडी पण सोडणार असशील तर बी12 ची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच सुरू कर.