ठळक केलेले चार संवाद

प्रिय बाय,

तुझी एकांकिका दोनदा वाचली. एकदा रात्री, एकदा सकाळच्या चहाबरोबर. चार संवाद तू ठळक अक्षरांत टाकलेस आणि समासात लिहिलंस, ‘काका, हे गाजणार!’ नेमके तेच चार काढ, असं मी सांगणार आहे. रागावण्याआधी पुढचं वाच.

गाजलेलं वाक्य कधी नुसतं कागदावर लिहून बघितलंस? ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ ना यमक, ना कोटी. पोस्टमन दिवसातून दहादा विचारतो तसला प्रश्न. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’त तो लक्ष्मीकांत बेर्डेंच्या तोंडी आहे, संवाद वसंत सबनीसांचे. गंमत त्या दारात आहे. भाड्याची खोली, घरमालकाचा धाक, आणि बाहेर उभा राहून पूर्ण नावानिशी पुकारा करणारा मित्र. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून द्यावं लागत नाही. ट्रंक घेऊन लालबाग-परळच्या चाळींतून चिठ्ठीवरचं नाव विचारत फिरलेला एखादा काका-मामा आपल्या घरोघरी सापडतो.

मी तर ते वाक्य सिनेमाआधी ऐकलं. चतुर्थीला मुंबईहून आलेला पुतण्या पहाटे दार ठोकत हेच ओरडला. बरोबरचे चाकरमानी खो-खो हसले. मी आपला कंदील धरून उभा. सिनेमा बघितला तो पुढच्या चतुर्थीला, वाडीने वर्गणी काढून आणलेल्या व्हीसीआरवर, खळ्यात, सर आली की टीव्हीवर प्लॅस्टिक ओढत. तो प्रसंग आला तेव्हा पोरं बेर्डेंच्या आधी बोलली. त्यातल्या निम्म्यांनी सिनेमा पहिल्यांदाच पाहिला होता.

त्याच सिनेमातलं ‘सत्तर रुपये वारले’ घे. इथे मात्र भाषेची करामत आहे. ‘वारले’ आपण माणसाबद्दल बोलतो, तेही अदबीने, आवाज खाली करून. अशोक सराफांनी ते घरमालकाच्या पैशांना लावलं. एकदा पैसे वारू शकतात म्हटल्यावर काय वाटेल ते वारू शकतं. पावसात आमची लाईट वारते, नेट वारतं, गेल्या जूनमध्ये पंप वारला. सत्तर रुपयांची जागा रिकामी झाली आणि लोकांनी तिथे आपापली मयतं ठेवली. अशी रिकामी जागा ज्या वाक्यात असते ते टिकतं. तुझे चारही संवाद गच्च भरलेले आहेत, ऐकणाऱ्याला बसायला पाट नाही.

लोक वाक्य घेतात तेव्हा जसंच्या तसं घेत नाहीत, हेही ध्यानात ठेव. १९७५ च्या ‘शोले’ची नक्कल करायला सांग कोणालाही. ‘अरे ओ सांबा, कितने आदमी थे?’ म्हणेल. सिनेमात गब्बर माणसांचा आकडा सांबाला विचारतच नाही, कालियाला विचारतो. सांबाला विचारतो सरकारने लावलेल्या इनामाबद्दल. दोन वेगळी वाक्यं लोकांनी सांधली. संवादांच्या तबकड्या निघाल्या होत्या, मंडपात कर्ण्यावर वाजायच्या, तरीही सांधली! मला यात चूक दिसत नाही. आंबोळीचं पीठ दुसऱ्या घरी गेलं की तिथल्या तव्यासारखं होतं. (कालिया झालेले विजू खोटे आपले मराठी. वाट्याला प्रसंग केवढासा, पण माणूस जन्मभर कालियाच राहिला.)

तू म्हणशील, मग ठरवून असं वाक्य लिहायचं कसं? ठरवून नाही लिहिता येत, असं माझं मत. दशावतारी नाटकात बघ. संहिता नसते, संवाद पात्राला तिथल्या तिथे सुचतात. आज एका जत्रेत एखादं वाक्य पिकलं तर नट ते उद्याच्या गावात पुन्हा टाकतो, न पिकलेलं आपोआप गळतं. देवापुढे घालायच्या गाऱ्हाण्यातलं ‘व्हय म्हाराजा’ तर कुणी लिहिलंही नाही. देवळातून ते मुंबईच्या ऑफिसात पोचलं, साहेब काम सांगून पाठ वळवतो तेव्हा म्हणायला.

एक धोका आहे. नटाला कळलं की वाक्य गाजलंय, तो त्याच्या आधी थांबतो, प्रेक्षकांकडे बघतो, मग बोलतो. तिथे प्रसंग मरतो. तू ठळक अक्षरं दिलीस की नटाला ही सवय तूच लावणार.

आता तुझ्या आजीबद्दल. वाटणीवरून भाऊ भांडतायत आणि ती प्रत्येकाला विचारते, ‘जेवलंस काय रे?’ तू ते तीनदा लिहिलंस आणि तुझ्या ते लक्षातही आलेलं नाही, हे साध्या अक्षरांवरून दिसतंय. त्याला हात लावू नकोस. कंसात ‘मायेने’ लिहिलंयस तेवढं काढ. फक्त एक कर. शेवटच्या प्रवेशात कोर्टाची नोटीस घेऊन बेलिफ येतो, तो सही मागायच्या आत आजीने त्यालाही विचारू दे. त्याचं उत्तर लिहू नकोस, पडदा पाड.

दुरुस्त प्रत चतुर्थीला येशील तेव्हा घेऊन ये. चष्मा बदललाय, अक्षर मोठं काढ.

तुझा,
काका